सातचा भोंगा

भोंगा म्हटला की मुंबईकराला गिरणी आठवते. लालबाग-परळात कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या आणि भोंग्यावर कामाला गेल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या, नि त्यांच्याबरोबर भोंगेही मुके झाले. माणसांना यंत्रापाशी बोलावणारा तो आवाज गेला. पण 'हातातले यंत्र जरा खाली ठेवा' असे सांगणारा भोंगाही असू शकतो, हे सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्याने २०२२ साली दाखवले. गावाचे नाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. वडगावे महाराष्ट्रात पायलीला पन्नास, म्हणून प्रत्येकाला आडनाव लावून ओळख सांगावी लागते. वस्ती सुमारे तीन हजारांची. ऊस आणि साखर कारखान्यातली नोकरी यांवर गाव जगते. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने सभा भरवली आणि ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, घराघरातले टीव्ही नि मोबाईल बंद होतील, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यासाला बसतील.

ही बातमी वाचून मी गाव पाहायला निघाले, त्याचे कारण माझ्या पेशात आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वर्गात वर्षानुवर्षे उभे राहिले की चेहरे वाचण्याची सवय जडते. कोणाला समजले, कोण खिडकीबाहेर गेले, कोणाला भूक लागली आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. मार्च २०२० मध्ये महासाथीने वर्ग बंद केले आणि ही विद्या निकामी झाली. पडद्यावर साठ काळ्या चौकटी आणि प्रत्येकीत एकेक नाव! 'ऐकू येतंय का?' असे विचारावे, तर दोन मिनिटांनी कोणीतरी 'हो मॅडम' एवढे टाईप करावे. एक मुलगा रोज हजर असे, पण त्याचा शब्द कधी ऐकू आला नाही. पुढे कळले, की तो वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहून, कानात बोंडे घालून तुकाराम ऐकत असे आणि मध्येच गिऱ्हाइकाला कोथिंबीर बांधून देत असे. परीक्षेत तुकारामांवर त्याने जे लिहिले, ते दुसऱ्या कोणाला साधले नाही. उलट, वर्ग पुन्हा भरले तेव्हा साठही देह बाकांवर होते, पण निम्मी मने बाकाखालच्या उजेडात गुंतलेली. हजेरी निराळी नि लक्ष निराळे. हजेरी घेता येते. लक्ष ज्याचे त्याने द्यावे लागते.

तेव्हा लक्षासाठी अख्ख्या गावाने भोंगा लावला म्हटल्यावर जाऊन पाहणे आलेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी धरली. कऱ्हाड मागे पडले की शेणोली लागते. याच शेणोलीपाशी ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवून इंग्रजी राज्याला हात दाखवला होता. किर्लोस्करवाडीला मी उतरले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर वसवलेली ही वाडी. नांगरांबरोबर 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकेही इथूनच मराठी घरांत गेली. पुढे कुंडल, म्हणजे प्रतिसरकारची राजधानीच म्हणा ना. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या काळात या मुलखातली गावे आपले तंटे आपणच मिटवीत. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच टापूत. वरच्या हुकमाची वाट न पाहता चार माणसांनी बसून नेम ठरवायचा, ही इथली जुनी खोड आहे. वडगावच्या भोंग्यामागेही कायदा नव्हता. गावाचा शब्द तेवढा होता, नि तो पाळला जावा म्हणून पंचायतीची माणसे, अंगणवाडी नि आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर सांगत फिरले होते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे माहेर वडगावात. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागून रखडत मी तिच्या दारी पोहोचले, तेव्हा सातला वीस मिनिटे कमी होती. आजींनी पाट सरकवला.

"बाई, आधी चा घ्या. सात वाजलं की आमच्यात कर्फू लागतोय."

सोप्यात सहावीतला नातू आईच्या मोबाईलवरून वहीत काहीतरी घाईने उतरवून घेत होता. विचारले तर म्हणाला, "गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. सातच्या आत लिहून घ्यावा लागतो."

या एका वाक्यात सारा पेच आला. गृहपाठ मोबाईलवर येतो. बालभारतीच्या पुस्तकातही क्यूआर कोडची काळी-पांढरी चौकट असते, आणि तिच्यामागचे चित्र नि आवाज हवे असतील तर मोबाईलच लागतो. वडगावहून फार लांब नाही अशा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत हे कोड वापरून दाखवले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, आणि दहा लाख डॉलरांतली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. ज्या यंत्राने परितेवाडीत पुस्तकाचे दार उघडले, तेच यंत्र वडगावने दीड तास उंबऱ्याबाहेर बसवले. मला यात भांडण दिसत नाही. विहिरीला रहाटही लागतो नि कठडाही लागतो.

सात वाजले. भोंगा झाला. टीव्हीवर एक सासू सुनेकडे डोळे वटारून पाहत होती, ती तशीच अंतर्धान पावली. घर एकाएकी मोठे वाटू लागले. शेजारच्या गोठ्यातली घंटा ऐकू आली, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. नातू वही घेऊन बसला, त्याची धाकटी बहीण नकाशा रंगवू लागली, आई लसूण सोलायला बसली. सर्वांत अस्वस्थ होते ते वडील. कारखान्यातून नुकतेच आले होते. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांचा हात तीनदा खिशाकडे गेला नि तीनदा परत आला. आजी ते बघत होत्या.

"पोरांस्नी काय नावं ठेवायची, बाई? ती बघून शिकत्यात. भोंगा पोरांच्या नावानं हाय, पर वाजतोय आमच्यासाठी."

एवढ्यात नातवाने वहीतून मान वर केली. "आज्जी, मोट म्हणजे काय?"

मोबाईल चालू असता तर एका बोटावर चित्र आले असते, नि दुसऱ्या बोटावर गेलेही असते. आजींनी मात्र पदर खोचला. पाट म्हणजे विहिरीचा काठ झाला, सुपारीचा डबा मोट झाला, नि नातवाचीच दप्तराची दोरी नाडा म्हणून लागली. बैल धावेवरून उतरत गेले की मोट वर कशी येते, थारोळ्यात पाणी कसे सांडते, आणि बैलांना मागे कसे रेटावे लागते, सारे त्यांनी हातांनी करून दाखवले. वडील म्हणाले, "आमच्या आज्याची मोट मी बघितलीया, गाणी म्हणायचा." आणि त्यांचा हात मग खिशाकडे गेला नाही. धाकटीने नकाशा सोडला नि बैल होण्याचा हट्ट धरला. या गडबडीतच साडेआठचा भोंगा झाला. कोणी उठले नाही. बैल अजून धावेवर अर्ध्यात होते, त्यांना तसेच ठेवून कसे उठणार?

खरे सांगायचे तर, पाचएक मिनिटांनी सासू पुन्हा पडद्यावर प्रकटली, आणि वडिलांचा मोबाईलही उजळला. एका बंद खिडकीच्या फटीतून सातच्या पुढे निळसर उजेडही मी पाहिला होता. गाव म्हणजे काही ऋषींचा आश्रम नव्हे. पण वर्गात मी जे इतकी वर्षे शोधते, ते त्या सोप्यात दीड तास माझ्यासमोर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सागरेश्वरला गेले. अभयारण्य १९८५ मध्ये झाले, विस्तार १०.८७ चौरस किलोमीटर. गंमत अशी, की हे रान देवाने दिलेले नव्हे. उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून ते उभे केले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. भोवती कुंपण आहे, आत हरणे चरतात. कुंपणाने झाड उगवत नाही, हे खरेच. पण कुंपण नसेल तर लावलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात शेळीच्या पोटात जाते. भोंग्याचे तसेच आहे. तो रिकामी जागा राखून देतो. तीत काही लावायचे काम पुन्हा माणसांचेच, घरात आईबापांचे नि वर्गात आम्हा शिक्षकांचे. माझ्या वर्गात सारे मोबाईल पेटीत जमा झाले, तरी फळ्यापाशी मीच जुन्या वहीतले टिपण वाचत उभी राहिले, तर मुलांनी लक्ष द्यायचे ते कशाला?

शहरात, वाचकहो, भोंगा वाजवणार कोण? आपल्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरही एकमत होत नाही. शिवाय वडिलांची कचेरी रात्री नऊपर्यंत मोबाईलमधूनच चालते, आईची भाजी त्यातूनच येते, नि मुलीची शिकवणीही त्यातच भरते. दीड तास कदाचित जमणार नाही. जेवणापूर्वीचा अर्धा तास जमावा. मात्र त्या अर्ध्या तासात सगळ्यांचेच फोन शेल्फावर गेले पाहिजेत, पहिला थोरांचा. कारण कधीतरी मूल मान वर करून विचारणारच, 'मोट म्हणजे काय?' उत्तर आपल्याला ठाऊक असेल तर उत्तमच. नसेल तर 'चल, आजीला विचारू' म्हणून उठायला आपले हात तरी मोकळे हवेत.