‘रक्त चांगले आहे!’

आमच्या घरात ‘रक्त चांगले आहे’ हे वाक्य आशीर्वादासारखे उच्चारले जाई. माझ्या सासूबाईंना आयुष्यभर पंडुरोगाने छळले होते. त्यामुळे यजमानांच्या हिमोग्लोबिनचा आकडा चढता दिसला की सर्वांना समाधान वाटे. निवृत्तीनंतर ते वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घेत. पहिल्या वर्षी आकडा आला १५.२, दुसऱ्या वर्षी १६.७ आणि तिसऱ्या वर्षी १८.६. चेहराही तांबूस दिसू लागला होता. ‘निवृत्ती मानवली तुम्हांला,’ असे शेजारी म्हणत. मी मात्र सारे श्रेय बिटाच्या कोशिंबिरीला, खजुराला आणि लोखंडी कढईतल्या पालेभाजीला देऊन मोकळी झाले होते.

साताऱ्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो तिसरा अहवाल दाखवला, तेव्हा त्यांनी कौतुक केले नाही. विडी-सिगारेट अजून चालते का, झोपेत घोरता का, चालताना दम लागतो का, असे प्रश्न त्यांनी विचारले. विडी सोडून पंधरा वर्षे झाली होती. बाकी काहीच नव्हते. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “काकू, आधीच्या वर्षांचे अहवाल आहेत का?” होते ना! फाइलमध्ये तारखेवार लावून ठेवले होते. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि माझ्या काळजात धस्स झाले. बत्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. ‘संख्यांचा क्रम पाहा आणि पुढची संख्या ओळखा’ हा प्रश्न किती मुलांना घातला असेन! स्वतःच्या घरातला क्रम मात्र मला कधी दिसलाच नव्हता.

डॉक्टरांनी काही रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी सांगितली. उजव्या मूत्रपिंडात साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. दुखणे नव्हते, लघवीतून रक्त नव्हते, वजनही घटले नव्हते. पुण्याला जाऊन सीटी स्कॅन केला आणि तिथेच शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारदांनी गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवले. गाठ कर्करोगाचीच होती. परंतु ती मूत्रपिंडाबाहेर गेलेली नव्हती.

रुग्णालयातल्या त्या दिवसांत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला या चढत्या आकड्याचा अर्थ समजावून सांगितला. मूत्रपिंड ही केवळ रक्त गाळणारी चाळणी नव्हे. रक्तातला प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ते अस्थिमज्जेला निरोप देते, की लाल पेशी वाढवा. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल नावाचे जनुक बहुधा निकामी झालेले असते. हे जनुक नीट असेल, तर प्राणवायू पुरेसा असताना ‘टंचाई’चा इशारा बंद ठेवला जातो. ते बिघडले की मुबलक प्राणवायूतही पेशी टंचाईतच असल्यासारखी वागू लागते. नव्या रक्तवाहिन्या मागवते आणि कधीकधी हे संप्रेरकही तयार करत राहते. प्राणवायूची कमी-अधिक मात्रा पेशींना कशी कळते, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हेही त्यांच्याकडूनच कळले.

“पण आजी,” त्या म्हणाल्या, “हे थोड्याच रुग्णांत घडते. या आजारात रक्त वाढण्यापेक्षा कमी होण्याचेच प्रमाण अधिक. आणि हिमोग्लोबिन वाढलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. तंबाखू, फुप्फुसांचा विकार, झोपेत श्वास अडणे अशी कारणे त्यामागे असतात. घाबरायचे नाही, पण कारण शोधल्याशिवाय सोडायचेही नाही.”

चार महिन्यांनी यजमानांचे हिमोग्लोबिन १४.४ आले. आयुष्यात प्रथमच तो आकडा उतरलेला पाहून मी देवापुढे साखर ठेवली.

एवढ्यावर हे संपले नाही. आमचा मुलगा बेचाळीस वर्षांचा. दिवसभर खुर्चीत बसून काम, पोट सुटलेले. वडिलांचे पाहून तो हादरला होता. एका संध्याकाळी त्याने मोबाइलवर एका प्रयोगशाळेची जाहिरात दाखवली. त्यात लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन या संप्रेरकांची तपासणी होती. “आई, यावरून मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका कळतो म्हणे. करून टाकू का?” पुढच्या वेळी आम्ही तोच प्रश्न साताऱ्याच्या डॉक्टरांपुढे ठेवला.

त्यांनी सांगितले ते असे. चरबी म्हणजे शरीरातले नुसते कोठार नव्हे. तीही रक्तात संप्रेरके सोडते. त्यांतले लेप्टिन १९९४ मध्ये सापडले. ते चरबीबरोबर वाढते. ॲडिपोनेक्टिनचे उलट आहे; चरबी वाढली की ते घटते. फिनलंडमध्ये १९८५ ते १९८८ या काळात धूम्रपान करणाऱ्या एकोणतीस हजारांहून अधिक पुरुषांना एका मोठ्या अभ्यासात घेतले गेले. त्यांचे साठवलेले रक्त पुढे तपासले, तेव्हा ॲडिपोनेक्टिन जास्त असलेल्यांत मूत्रपिंडाचा कर्करोग कमी आढळला. “हे संशोधन मोलाचे आहे,” डॉक्टर म्हणाले, “कारण लठ्ठपणातून हा रोग कसा उद्भवत असेल, याचा माग त्यातून लागतो. पण तो हजारोंच्या गटाचा हिशेब आहे. त्यावरून तुझे एकट्याचे भविष्य सांगता येत नाही.”

हे मात्र मला लगेच उमगले. दहावी ‘अ’ची सरासरी ‘ब’पेक्षा चार गुणांनी अधिक असली, तरी ‘अ’मधल्या काही मुलांना ‘ब’मधल्या पुष्कळांपेक्षा कमी गुण असतातच. वर्गाची सरासरी पाहून कोणी एखाद्या मुलाचा निकाल लावत नाही.

“मग मी काय तपासू?” मुलाने विचारले. डॉक्टरांनी उत्तर न देता त्याच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब निघाला १४८/९६. दुसऱ्या आठवड्यातही जवळपास तेवढाच. हजारो रुपयांच्या तपासण्या करायला निघालेल्या माझ्या मुलाने गेल्या सहा वर्षांत एकदाही रक्तदाब मोजून घेतला नव्हता! धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब हे या रोगाचे तीन ठळक, ओळखलेले धोके. अतिरिक्त चरबी टाळल्याने ज्या कर्करोगांचा धोका घटतो, त्यांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मूत्रपिंडाचा कर्करोगही धरला आहे. यांतले काहीही मोजायला किंवा ओळखायला फिनलंडला जावे लागत नाही.

आता मुलगा रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेने चालायला जातो. गोळी सुरू आहे, कंबरेचा घेर चार बोटे उतरला आहे. यजमानांचा स्कॅन ठरलेल्या मुदतीत होतो. निकाल हाती येईपर्यंत मला झोप लागत नाही, हेही खरेच. पण आमच्या फाइलीत एक बदल मी केला आहे. पहिल्या पानावर चौकटी आखल्या आहेत. घरातल्या प्रत्येकाचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर, एका वर्षाशेजारी दुसरे वर्ष. आकडा एकटा असला की मी त्यातून हवा तो अर्थ काढत असे. शेजारी मागचा आकडा असला की तसे करता येत नाही.

बिटाची कोशिंबीर अजूनही होते. तिला श्रेय देणे मात्र मी थांबवले आहे.