मोज्यांना माया नसते

युनिफॉर्म शिवायला टाकताना आई टेलरकाकांना न चुकता सांगायची, "वाढतं अंग आहे, माया जरा जास्त ठेवा." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढच्या जूनमध्ये ती उसवली की खाकी चड्डी दोन बोटं खाली यायची. जुन्या घडीची गडद रेघ तेवढी दिसत राहायची. अशी एक चड्डी मला आरामात दोन वर्षं पुरायची.

मोज्यांना मात्र माया नसते. ते सरळ अंगठ्यापाशी फाटतात.

२००४ साल. मी तिसरीत होतो. शाळेत कॉम्प्युटर लॅब नवीनच सुरू झाली होती. विंडोज ९८ असलेले आठ कॉम्प्युटर, प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर, एका कॉम्प्युटरवर तिघं जण. लॅबमध्ये बूट घालून जायला सक्त मनाई. व्हायरस बुटांच्या धुळीतून आत येतो, अशी आमची पक्की समजूत होती. बूट काढणं आलं म्हणजे मोजे दिसणं आलं. एका बुधवारी माझा अंगठा बाहेर डोकावला आणि रांगेतले दोघं-तिघं खी खी हसले.

पुढच्या बुधवारी मी सांगितलं, "बाई, वही विसरलो." वही विसरणाऱ्याने बाहेर बसायचं, असा नियम होता. मी खिडकीखाली बसून आतलं ऐकायचो. आत लोगोमधलं कासव चालायचं. एफडी १००, आरटी ९०. असं चारदा केलं की चौकोन होतो, हे मी बाहेर बसूनच शिकलो.

घरी सांगायचं धाडस झालं नाही. त्या महिन्यात बाबांचा पगार लांबला होता आणि रात्री स्वयंपाकघरातलं हळू आवाजातलं बोलणं मला ऐकू यायचं. मग मी माझ्या परीने उपाय शोधले. आमच्याकडे फक्त दूरदर्शन दिसायचं. शक्तिमानमधला गंगाधर गोल फिरला की त्याचे कपडे बदलायचे. मी अंगणात चक्कर येईपर्यंत फिरून बघितलं. शेजारच्या काकूंकडे केबल होती. तिथे स्टार प्लसवर शाका लाका बूम बूम लागायचं. त्यातल्या संजूची पेन्सिल जे काढेल ते खरं व्हायचं. मी पाटीवर मोजे काढले. एकाला तर इलॅस्टिकच्या रेघासुद्धा काढल्या.

सहा बुधवार असे गेले. मग एकदा आईने कॉम्प्युटरची वही उघडली आणि कोरी पानं बघून विचारलं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

आई रागावली नाही. बोटांवर हिशोब करत म्हणाली, "महिन्याची फी ३० रुपये. सहा तास म्हणजे ४५ रुपये. मोज्यांचा जोड १५ रुपयांना मिळतो. तीन जोड आले असते रे." थोडं थांबून म्हणाली, "फाटलं की सांगायचं. शिवू, नाहीतर आणू. पण कळलंच नाही तर मी काय शिवणार?"

दुसऱ्या दिवशी मोजे आले. बुधवारी मी कासवाला षटकोनात फिरवलं. त्यापुढचं सगळं, इंजिनीअरिंग, नोकरी, सरळ रेषेत झालं असं नाही, पण झालं.

गेल्या दिवाळीला घरी गेलो. रोज फोनवर "मी मस्त आहे" म्हणणारी आई भिंतीला धरून एकेक पायरी चढत होती. मी विचारलं, "किती दिवस दुखतोय गुडघा?"

"होतील चार-पाच महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं ते घराच्या हप्त्याचं चाललं होतं ना. म्हटलं, कशाला आणखी."

मी तिला तिचंच वाक्य ऐकवलं. ती हसली. म्हणाली, "तू तरी कुठे लगेच सांगितलं होतंस?"

सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्याच्या दाराशी पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात.' मी खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा सोडवला.