निजलेल्या अरण्याचे कोठार

वाचकहो, शीतगृह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बटाट्यांची पोती नाहीतर द्राक्षांच्या पेट्या उभ्या राहतात. परंतु उद्याचे अरण्य ज्यात निजवून ठेवले आहे, असे शीतगृह आपण कधी पाहिले आहे काय? ते पाहावयाचे तर आपणांस फिनलंडला यावे लागेल.

या देशाची सुमारे तीन-चतुर्थांश भूमी वनांनी व्यापली आहे. तेथील सरोवरांच्या प्रदेशात सुओनेनयोकी नावाचे एक लहानसे गाव आहे. स्ट्रॉबेरीसाठी ते प्रसिद्ध आहेच. पण वनरोपांच्या संशोधनामुळेही जाणकारांना त्याचे नाव परिचित आहे.

शरद ऋतूत तेथे दिवस झपाट्याने आखूड होऊ लागतात. रोपवाटिकेतील स्प्रूसची वीतभर रोपे वाढ थांबवितात आणि शेंड्यावरचा कोंब मिटून घेतात. ती पुरती निद्रिस्त झाली की त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरतात. मग शून्याखाली 2 ते 4 अंश सेल्सिअस तपमानाच्या अंधाऱ्या कोठारात ती खोकी रचून ठेवतात. मे महिना उजाडेपर्यंत रोपांचा मुक्काम तेथेच.

आपण विचाराल, जेथे सारी सृष्टीच गोठते, तेथे थंडीसाठी यंत्र कशाला? कारण बाहेरची थंडी भरवशाची नसते. हिमाच्या पांघरुणाखाली रोपांना बुरशी धरते. वसंतातील चार उबदार दिवस त्यांना अवेळी जागे करतात. शिवाय दक्षिणेकडील जमीन आधी मोकळी होते, उत्तरेकडील मागाहून. कोठारात मात्र जाग येण्याची वेळ माणसाच्या हाती राहते.

आणि ही माणसे कोण? फिनलंडमधील निम्म्याहून अधिक वने सामान्य कुटुंबांच्या मालकीची आहेत. जंगल उजाड करण्यास 1886 च्या कायद्याने बंदी घातली. आजही वृक्षतोडीनंतर नवे वन उभे करणे मालकावर बंधनकारक आहे. दरवर्षी सुमारे 15 कोटी रोपे लावली जातात. अनेक कुटुंबांची रोपे एकाच छपराखाली निजलेली असतात. ज्याची जमीन तयार होईल, त्याची खोकी बाहेर निघतात. आपल्याकडील इर्जिकीप्रमाणे तेथेही गावाने मिळून काम करण्याची प्रथा आहे. तिला ‘तालकोत’ म्हणतात.

खरी कसोटी यापुढेच असते. गोठलेली रोपे सावलीत, हळूहळू वितळू द्यावी लागतात. घाईने ओढली तर मुळे तुटतात. वितळल्यावर ती बंद खोक्यात फार दिवस राहू शकत नाहीत, आणि जून अर्धा सरण्याआधी लागवड संपवावी लागते. झोपेतही रोप आपली साठविलेली साखर थोडी थोडी खर्च करीत असते. शीतगृह रोपाला जीवन देत नाही. ते केवळ मुदत देते. त्या मुदतीत खड्ड्यापर्यंत पोहोचविणे हे माणसाचे काम. आज आजोबांनी लावलेला स्प्रूस साठ-ऐंशी वर्षांनी नातवंडे तोडतील. पण एका दुपारच्या हयगयीने ती साठ वर्षे वाया जाऊ शकतात.

आपल्या देशात 1950 साली तत्कालीन अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. आपला आंबा किंवा कडुनिंब असा गोठविता येणार नाही. त्या थंडीने तो मरेल. आपली वाट पाहणे पावसासाठी असते. परंतु रोपवाटिका आणि खड्डा यांमधील वाटेवर रोपाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. समारंभाचे पाहुणे येईपर्यंत उन्हात करपत पडलेली रोपे आपणही पाहिली असतील. लावलेल्या रोपांच्या यादीत त्यांचीही गणना होते. जगलेल्यांच्या यादीत ती कधीच येत नाहीत.

म्हणून येत्या पावसाळ्यात रोप घरी आणण्याआधी खड्डा खणून ठेवा, आणि पाणी कोण घालणार तेही घरात ठरवून टाका. मग रोप आणा. तोवर ते रोपवाटिकेच्या सावलीतच सुखरूप आहे.