झिजलेल्या कडा

1731च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या ॲशबर्नहॅम हाउसला रात्री आग लागली. तिथल्या कॉटन संग्रहातल्या जुन्या पोथ्या माणसांनी जमेल तशा खिडक्यांतून बाहेर टाकल्या. त्यांत ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची जगातली एकुलती एक हस्तलिखित प्रत होती. ती वाचली, पण तिच्या कडा करपल्या. आणि पुढं कित्येक वर्षं, आग विझून गेल्यावरही, पान उलटणाऱ्या प्रत्येक हातासरशी त्या करपल्या काठाचे कण झडत राहिले, कणांबरोबर एखादं अक्षर, कधी शब्दाचा शेवट. 1780च्या दशकात थॉर्केलिन नावाचा आइसलँडचा पंडित तिच्या नकला करून घेऊन गेला. मूळ चामड्यावरून नंतर गळालेली कितीतरी अक्षरं आज फक्त त्या नकलांमध्ये जिवंत आहेत.

त्या पानांची छायाचित्रं मी अधूनमधून उघडून बसतो. तपकिरी, आखडलेलं पान. काठापर्यंत धावत आलेली ओळ. आणि तिथं पोचता पोचता तुटलेला शब्द. पाहता पाहता वाटायला लागतं, की ज्या भाषेची ही पोथी, तीही अशीच काठांकडून झडत आली. तिला लागलेल्या आगीला मात्र धूर नव्हता.

हजार वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती. सूर्य ‘ती’ होता, चंद्र ‘तो’, आणि घरातली बाई चक्क ‘ते’. नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, विशेषणं नामाच्या तालावर रूप पालटत, आणि वाक्यातले शब्द जागा सोडून ऐसपैस हिंडत, कारण कुणाचं कुणाशी नातं आहे हे प्रत्येकाच्या शेपटाला बांधलेलं असे. हे वाचताना परकं काही वाचतोय असं वाटतच नाही. माजघरात बसल्यासारखं वाटतं.

मग नवव्या शतकात उत्तरेच्या समुद्रावरून डेन आले, आधी लुटायला आणि मग नांगरायला. त्यांची भाषा आणि इंग्रजी चुलत बहिणी: शब्दांची मुळं ओळखीची, अडायचं ते प्रत्ययांपाशी. घोडा विकणारा एक आणि घेणारा दुसरा. सौद्याच्या घाईत शेपूट कोण सांभाळत बसणार? शिवाय या भाषेचा जोर पहिल्यापासून शब्दाच्या तोंडावर, आणि शेवट नेहमी श्वासाच्या उतरणीवर. निरनिराळे स्वर तिथं एकाच पुसट स्वरात मिसळत गेले, आणि मग तोही विरत गेला. सहाणेला मधोमध पडलेला खळगा कुणी खोदलेला नसतो. रोजच्या सकाळींनी तो पडतो.

1066 साली नॉर्मन आले. दरबार फ्रेंच बोलू लागला, देवाशी बोलणं लॅटिनमध्ये होतंच. इंग्रजी उरली शेतात, चुलीपाशी, पाळण्याच्या दोरीशी. पीटरबरोच्या मठात तरीही कुणी ना कुणी इंग्रजीत बखर लिहीत राहिलं. 1116 साली तो मठ जळाला, तेव्हा तिथल्या भिक्षूंनी दुसरीकडून बखर मागून आणली आणि 1121च्या सुमारास ती नव्यानं उतरवून घेतली: नेटकी, जुन्या व्याकरणाची. पण त्याच पोथीची शेवटची पानं ज्या हातानं भरली, 1154पर्यंतची, त्या हाताला ते व्याकरण आठवत नव्हतं. स्टीफन राजाच्या काळातले सरदारांचे किल्ले, तिथले छळ, ओस पडलेली शिवारं हा माणूस लिहितो, तेव्हा त्याच्या लेखणीतून लिंगं जवळजवळ मिटलेली असतात, प्रत्यय सुटलेले असतात, आणि पोथीची नव्हे तर बोलणाऱ्याची भाषा चामड्यावर उतरत असते. व्याकरण मोडलं होतं.

दुःख मात्र नीट सांगता येत होतं.

इंग्रजी कवी चॉसर 1400 साली गेला. त्याच्या ओळींत शब्दाच्या शेवटचा हलका ‘ए’ अजून उच्चारला जाई, अर्ध्या श्वासाइतका. पुढच्या शतकात तो बोलण्यातून गळाला, आणि त्याबरोबर चॉसरचा तालही हरवला. नंतरचे वाचक म्हणू लागले, गोड आहे बिचारा, पण वृत्तात कच्चा. 1775 साली टिरव्हिट नावाच्या संपादकानं दाखवून दिलं, की तो विसरलेला स्वर पुन्हा म्हणा, ओळ आपोआप चालू लागते.

मला हे कळलं ते कानानं. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो; शेवटचा अकार बोलण्यातून केव्हाच झिजला. पण अभंग अक्षरं मोजतो, तेव्हा ते ‘र’ पूर्ण मोजतो. आणि गाणारा त्या शेवटच्या अक्षरावर थांबला, टाळ त्याच्यासाठी थांबले, की गळालेला अकार भरल्या गळ्यानं परत येतो. व्यवहारानं टाकलेलं गाण्यानं जपलेलं असतं. इथंही, तिथंही.

1476 साली कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना मांडला. छापखान्यांनी हळूहळू अक्षरं जागच्या जागी बसवली, आणि नेमकी त्याच शतकांत जीभ पुढं निघून गेली: दीर्घ स्वर एकामागोमाग एक तोंडात वर सरकले, तर काही व्यंजनं नुसती मुकी झाली. योद्ध्यासाठीचा ‘नाइट’ चॉसरच्या कानांना ‘क्निख्त’सारखा काहीतरी ऐकू येत असावा. आज त्यातलं ‘के’ आपल्या शाळांतली पोरं स्पेलिंग घोकताना म्हणतात आणि शब्द वाचताना गिळतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज शेतकऱ्याचा खणखणीत उच्चार त्यांच्या दुरेघी वहीत बिनआवाजाचा बसलेला असतो.

या झिजेनं इंग्रजी गरीब झाली का? प्रत्यय गेले तसे शब्दांनी क्रम धरला, छोटी छोटी शब्दयोगी अव्ययं कामाला लागली, फ्रेंच आणि लॅटिन शब्द बिनशेपटीच्या घरात सहज राहायला आले. जुनं वैभव गेलं हेही खरं. सूर्याचं बाईपण परत येणार नाही. पण ते गेलं ते वापरणाऱ्यांच्या हातून: बाजारात, भांडणात, अंगाईत, घाईत. न झिजलेली भाषा एकच असते, जिच्यावरून कुणाची जीभ फिरत नाही.

आमच्या बोलण्यातला एखादा प्रत्यय पोरांच्या तोंडी गळताना दिसला, की मनात कळ अजूनही येते. येऊ दे. माझ्यामागंही माझी मराठी कुणाच्या ना कुणाच्या तोंडात अशीच रोज झिजत राहो, एवढंच मागणं आहे.