‘वुई’ म्हणजे नक्की कोण?

इंग्रजी व्याकरणात सर्वनामाचा एक साधा नियम आहे. वाक्य ज्या पुरुषात सुरू केलं, त्याच पुरुषात ते संपवावं. ‘इफ अ स्टूडंट वर्क्स हार्ड, यू विल पास’ हे वाक्य म्हणून चुकतं. सुरुवातीला गोष्ट विद्यार्थ्याची होती, स्वल्पविरामानंतर ती एकदम ‘तुझी’ झाली. तिथे ‘ही ऑर शी’ चालेल, ‘दे’ही चालेल, ‘यू’ नाही.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांना एवढं लवकर जमतं. अडतं ते ‘वुई’पाशी. सणांवरच्या निबंधात नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘वुई इंडियन्स सेलिब्रेट मेनी फेस्टिव्हल्स. दे सेलिब्रेट दिवाळी. वुई सेलिब्रेट ईद.’ शेजारच्या मुलाच्या वहीत हेच उलटं होतं, दिवाळीला ‘वुई’ आणि ईदला ‘दे’. पहिल्या ओळीतल्या ‘वुई’त सगळा देश होता. दोन ओळींत त्यातली निम्मी माणसं बाहेर गेली.

मराठीत हा फरक लपत नाही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. म्हणून ‘वुई’ लिहिण्याआधी तो ‘आपण’ आहे की ‘आम्ही’, हे स्वतःला विचारून घ्यावं.

मराठी मुसलमान म्हणून हा अनुभव मला नवा नाही. एखादा लेख ‘आपण मराठी माणसं’ असा सुरू होतो, मी खुशाल त्यात बसतो आणि तिसऱ्या परिच्छेदात माझी रवानगी ‘त्यांच्या’त झालेली असते. आपल्या मजलिशींतही ‘ते लोक’ म्हणजे शेजारी, हे गृहीतच असतं.

दोन्ही मुलांना मी एकच दुरुस्ती सांगितली : ‘सम ऑफ अस सेलिब्रेट दिवाळी, सम ऑफ अस सेलिब्रेट ईद.’ सण वेगळे राहिले, माणसं एका सर्वनामात राहिली.

आणि मग संविधानाची इंग्रजी उद्देशिका वाचायला दिली. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेलं ते एकच लांब वाक्य ‘वुई’ने सुरू होतं आणि शेवटाकडे ‘अवरसेल्व्ह्ज’पाशी येतं. मध्ये एक ‘देम’ आहे, पण त्याला लागूनच ‘ऑल’ आहे. तो सगळ्या नागरिकांसाठी आहे, आणि बंधुतेचा शब्द त्याच्या पुढेच येतो.