आधी ताट, मग बाजार

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूर मागे टाकले की तासाभरात निपाणी येते. या गावाचे नाव मराठी मुलखात विडीच्या तंबाखूशी कायमचे जोडले गेले आहे. तंबाखूने येथे पैसा खेळविला. परंतु त्याचा भाव ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर ठाण मांडले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांना प्राणास मुकावे लागले. घामाचे दाम मागताना माणसे गेली, ही या भागाची जुनी जखम आहे.

या परिसरात हिंडताना आमच्या मनात एक विचार वारंवार येतो. तंबाखू कितीही जोमाने आला तरी तो चुलीवर शिजत नाही. वर्षातून एकदा हाती येणारे हे पीक पडेल भावाने विकण्यावाचून गत्यंतर नसते. भाजीचे तसे नाही. मेथी महिन्याभरात काढणीस येते, कोथिंबीर दीड महिन्यात. वांगी एकदा धरू लागली की काही महिने तोडे चालतात. थोडे थोडे आठवड्याच्या अंतराने पेरले, तर घरात भाजी आणि हातात पैसा दोन्ही सतत येत राहतात.

मात्र केवळ पीक बदलून भागत नाही. बेळगावच्या आसपासच्या गावांतून भाजीचे ट्रक घाट उतरून रोज गोव्यात जातात. पश्चिमेकडील तांबड्या मातीतील रताळी दूरदूरच्या बाजारांत पोहोचतात. तरीही आवक वाढली की कोबी-टोमॅटोचा भाव कोसळतो, आणि महागडी खते-औषधे घेतलेला शेतकरी तंबाखूवाल्याच्याच वाटेने जातो. खरा प्रश्न क्रमाचा आहे : आधी घरचे ताट, मग बाजार, आणि खर्च शक्यतो घरच्याच वस्तूंचा.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी नेमका हाच हिशेब मांडला. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी स्वतःच प्रयोग करी, नोंदी ठेवी आणि त्या इतरांना सांगे. ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणाऱ्या या विचारवंताचे म्हणणे असे, की ऊन, पालापाचोळा आणि पाणी यांचा नीट विनियोग केल्यास पाच माणसांच्या कुटुंबास दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमीन पुरते. शरद जोशींनीही पुढे ‘सीताशेती’ची कल्पना मांडली, तीत घरच्या स्त्रीच्या हाती थोडी जमीन आणि रसायनांवाचून शेती हे सूत्र होते. भावासाठी रस्त्यावर उतरलेला नेता परसाकडेही वळला, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

साधने घरचीच आहेत. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात कालवून, रोज ढवळीत दोन-तीन दिवस सावलीत ठेवले की एकरभर जमिनीचे जीवामृत तयार होते. मात्र ‘सेंद्रिय’ म्हणून प्रमाणपत्र घेऊन विकायचे, तर भाजीसारख्या हंगामी पिकांच्या जमिनीस साधारणतः दोन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि वाढीव भावही मिळत नाही. म्हणून सारे रान एकदम न बदलता घराजवळच्या दोन-चार गुंठ्यांपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांपाशी दहा गुंठे नसतील. परंतु अंगणात वा गच्चीवर मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा सर्वांना शक्य आहे. भाजी विकतच घ्यावयाची झाली, तर ती पिकविणाऱ्याच्या हातून घ्यावी आणि घासाघीस जरा आवरती ठेवावी. त्या चार रुपयांत कोणाच्या तरी घरची चूल असते.