दोष कोणाचा?

यंत्रांत बिघाड झाला आणि तो सांपडेना, कीं मनुष्य बिघाड शोधण्याचें सोडून अपराधी शोधूं लागतो. आमच्या घरांत हेंच घडलें. त्यांत मोठा वाटा आमचाच होता, म्हणून ती हकीकत लपवून न ठेवतां वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या तीर्थरूपांनीं सेवानिवृत्तीच्या पैशांतून १९९९ सालीं एक डिझेल मोटार घेतली. ते आतां नाहींत, गाडी आहे. पंधरा वर्षें झाल्यावर दर पांच वर्षांनीं अशा गाडीची नोंदणी नव्यानें करून घ्यावी लागते. २०१४, २०१९ व २०२४ अशी तीनदां ती वेळ आली, आणि तीनही वेळां ‘आतां ही विकून टाकावी’ असा ठराव घरांत मांडला गेला. मातोश्री कांहीं न बोलतां उठून देवघरांत गेल्या, आणि ठराव तेथेंच बारगळला.

२०२४च्या दिवाळीनंतर ही गाडी चालतां चालतां बंद पडूं लागली. रोज बंद पडती, तर बरें होतें. ती कधीं महिन्यांत दोनदां थांबे, कधीं मुळींच नाहीं. दहापंधरा मिनिटें उभी राहिली आणि फिल्टरवरील हातपंप थोडा दाबला, कीं मुकाट्यानें सुरू होई. गॅरेजांत नेली तर दिवसभर एकदांही अडखळत नसे. वैद्याच्या दारांत पाऊल टाकतांच ज्याचें दुखणें पळतें, अशा रोग्यासारखी तिची गत होती.

पुढील फेब्रुवारींत कृष्णाबाईच्या उत्सवासाठीं आम्ही पुण्याहून वाईस निघालों. मागें ब्यायशीं वर्षांच्या मातोश्री आणि आमची भावजय बसल्या होत्या. गाडी धाकट्या बंधूंचा चिरंजीव चालवीत होता. खेड शिवापूरला टांकी भरून घेतली. खंबाटकीचा घाट चढत असतां ऐन वळणावर इंजिन बंद पडलें. इंजिन थांबलें, कीं ब्रेकला मिळणारें निर्वाताचें साहाय्यही संपतें. पहिल्या एकदोन दाबांपुरतें तें पुरतें, पुढें सारा जोर पायाचा. मागून माल भरलेल्या ट्रकांची रांग येत होती. मुलानें दोन्ही पायांनीं ब्रेक दाबून हातब्रेक ओढला, आम्हीं उतरून चाकामागें दगड लावला. मातोश्रींनीं डोळे मिटून घेतले होते.

वाईस पोंचल्यावर, सर्व मंडळींदेखत, आम्ही त्या मुलास म्हणालों, “गाडी हांकणें म्हणजे मोबाइल चाळणें नव्हे. क्लच कसा सोडावा, हें आधीं शीक.” तो म्हणाला, “काका, आधीं तिची ओढ कमी होते, मग ती आचके देते आणि थांबते. क्लचचा संबंध नाहीं.” आम्हीं तें ऐकूनही ऐकलें नाहीं. पुण्यास परतल्यावर त्यानें किल्ली खुंटीस अडकविली व ‘घाटानें मी गाडी नेणार नाहीं’ असें सांगून टाकलें. शहरांतील कामांपुरती आणि अगदींच अडलें तर जवळच्या गांवापर्यंत तो ती नेई, तीही आईनें सांगितलें तर. भावजयीचें आमच्याशीं बोलणें पानावर वाढण्यापुरतें उरलें. एकत्र कुटुंबांत मुलाचा अपमान हा त्याच्या आईचाही अपमान असतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं.

मग गाडीवर उपाय सुरू झाले. पहिल्या मिस्त्रीनें फिल्टर बदलला, दुसऱ्यानें इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची तार बदलली, तिसऱ्यानें डिझेलचा पंपच उतरवून दुरुस्त करावा असें सुचविलें. प्रत्येकजण आपल्या हातीं असलेला उपाय करी. लक्षण कोणी विचारीत नसे.

अखेर एका वृद्ध मिस्त्रीची गांठ पडली. त्यांनीं बॉनेट उघडण्यापूर्वीं विचारलें, “थांबते तेव्हां गाडी कोण चालवतं? त्याला घेऊन या.” मुलगा आला, तो हातांत एक वही घेऊन. गाडी थांबली तो प्रत्येक दिवस, ठिकाण, चढ कीं सपाटी, ऊन कीं थंडी, टांकींत डिझेल किती, हें सर्व त्यानें कोणास न सांगतां टिपून ठेविलें होतें.

मिस्त्री सांगूं लागले. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनांत ती नसते. रूडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें तत्त्वच हें, कीं हवा इतकी दाबावी कीं तिच्याच उष्णतेनें इंधन पेटावें. म्हणून आमच्यासारख्या जुन्या गाडीस चालत्या स्थितींत हवा आणि इंधन यांवांचून फारसें कांहीं लागत नाहीं. विजेच्या झडपेचा दोष असता, तर फुंकर मारलेल्या दिव्यासारखें इंजिन एकदम विझलें असतें. ओढ कमी होऊन, आचके देऊन तें थांबतें, त्याअर्थीं तें उपाशी मरतें. म्हणजे टांकींतील जाळी तुंबली असेल, नळीस चीर पडून हवा शिरत असेल, डिझेलांत पाणी असेल, नाहीं तर टांकींतून डिझेल सुटतच नसेल.

वहींत सात नोंदी होत्या. सातही वेळां टांकी नुकतीच भरली होती, आणि सातही वेळां गाडी वीस ते चाळीस किलोमीटर सलग गेल्यावर थांबली होती. जाळी तुंबली असती किंवा तळाशीं पाणी असतें, तर थोडें डिझेल उरल्यावर त्रास अधिक झाला असता. येथें उलटें होतें. मिस्त्रींनीं वही मिटली, टांकी भरवून घेतली आणि मुलास गाडी हांकावयास सांगितलें. तिसाव्या किलोमीटरला ती आचके देऊन थांबली. मिस्त्रींनीं उतरून टांकीचें झांकण फिरविलें, तों ‘सूंऽऽ’ असा आवाज करीत हवा आंत शिरली.

टांकींतून जितकें डिझेल जातें, तितकी हवा आंत यावी लागते. आमच्या गाडींत ती वाट झांकणांतील बारीक छिद्रांतून होती. टांकी भरलेली असतां वर दोन लिटर हवा राहिली आणि एक लिटर डिझेल खर्च झालें, तर त्याच हवेस तीन लिटर जागा व्यापावी लागते. तिचा दाब एकतृतीयांशानें उतरतो आणि पंपाला डिझेल ओढवेनासें होतें. टांकी अर्धी रिकामी असेल, तर एका लिटरनें इतका फरक पडत नाहीं. शहरांतील लहान फेऱ्यांत गाडी मधून मधून उभी राहते, तेवढ्यांत हवा हळूहळू झिरपून आंत येते. गॅरेजांत गाडी कां थांबत नसे, हेंही उलगडलें.

हें झांकण कोणी आणलें? डिझेल चोरीस जाईल या भयानें, दिवाळींत, बाजारांतून कुलुपाचें नवें झांकण आम्हींच आणून बसविलें होतें. त्यास छिद्र नव्हतें. मिस्त्रींनीं छिद्राचें झांकण लाविलें. गाडी साठ किलोमीटर गेली, थांबली नाहीं. खात्रीसाठीं पुन्हां आमचें झांकण लाविलें, आणि ती पुन्हां थांबली.

घरीं येऊन आम्हीं हें सांगितलें, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय धार नीट पडत नाही, हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

त्या दिवशीं रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसली असतां आम्हीं खुंटीवरची किल्ली काढून पुतण्याच्या हातीं दिली. “चूक माझी होती, आणि बोललो तेही चुकीचं होतं,” एवढेंच म्हटलें. अपमान सर्वांदेखत केला होता, तेव्हां त्याची फेडही सर्वांदेखत व्हावयास हवी होती. मुलानें मान खालीं घालून विचारलें, “काका, ते जुनं झाकण टाकून दिलंत ना?” भावजयीनें आमच्या पानावर, न मागतां, आणखी एक पोळी वाढली.

त्यानंतर गाडी एकदांही वाटेंत थांबलेली नाहीं. ज्यांच्या घरीं असें मधूनच दगा देणारें यंत्र असेल, त्यांनीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, लक्षणें लिहून ठेवावींत, आणि चालविणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. तें छिद्ररहित झांकण आम्हीं टाकून दिलेलें नाहीं. तें आमच्या लिहिण्याच्या मेजावर, डोळ्यांसमोर ठेविलें आहे.